फ्रान्सला विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील परदेशी शिक्षण सल्लागार, त्यांची कार्यालये व प्रतिनिधी

विषय : ऑफर लेटरनंतरच्या फ्रान्सविषयी विद्यार्थी व पालकांना आधीच लेखी माहिती देण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली असून सध्या फ्रान्सच्या पूर्वेकडील एका शहरात, सरकारी विद्यापीठात, मास्टरच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना स्टेशनवरून घेऊन येणे, त्यांचे अर्ज भरून देणे, घरमालकाशी त्यांच्या वतीने फोनवर बोलणे ही कामे इथे जुन्या विद्यार्थ्यांकडे आपोआप येतात, तशी ती माझ्याकडेही आली. ती करताना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा समोर आल्या, त्यांतल्या बहुतेक पुण्यात किंवा कोल्हापुरात आपल्या टेबलासमोर बसलेले असतानाच मुलांना कळायला हव्या होत्या, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले, तेव्हा २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत, असे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. त्याच महिन्यात कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि आपल्या सेमिनारांतल्या पडद्यावर मेपलच्या पानाशेजारी आयफेल टॉवर दिसू लागला. याला माझा आक्षेप नाही. फ्रान्समध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण उत्तम आहे, प्राध्यापक वेळ देतात, प्रयोगशाळेत मास्टरच्या विद्यार्थ्यालाही महागड्या उपकरणाला हात लावू देतात. तक्रार एवढीच की आपले काम व्हिसाचा शिक्का बसला की संपते आणि त्यापुढचे जे काही आहे ते ‘तिकडे गेल्यावर सगळं होतं’ या एका वाक्यात उरकले जाते. माझ्या वडिलांनी अशाच एका सेमिनारमध्ये ‘मुलगी उतरल्यावर राहणार कुठे?’ असे विचारले होते, तेव्हा मिळालेले उत्तर शब्दशः हेच होते.

सर्वांत आधी संस्थेच्या निवडीविषयी लिहिते, कारण इथली चूक पुढे दुरुस्त होत नाही. सरकारी विद्यापीठे आपल्याला कमिशन देत नाहीत. त्यांचे अर्ज कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेच्या पोर्टलवरून विद्यार्थी स्वतः भरू शकतो. खासगी संस्थांपैकी अनेक कमिशन देतात. हा आपला व्यवसाय आहे आणि कमिशन घेणे हा गुन्हा नव्हे. परंतु २०२५-२६ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी सरकारी विद्यापीठातील मास्टरचे वार्षिक शुल्क ३,९४१ युरो होते, काही विद्यापीठे त्यातही सूट देऊन फ्रेंच विद्यार्थ्याइतकेच म्हणजे २५४ युरो घेत होती, आणि त्याच विषयाच्या खासगी अभ्यासक्रमाला दहा-पंधरा हजार युरो मोजावे लागतात, हे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दिलेले मी आजवर कोणाही मुलाच्या फाइलमध्ये पाहिलेले नाही.

शुल्काहून गंभीर बाब पदवीच्या दर्जाची आहे. फ्रान्समध्ये ‘मास्टर’ ही राज्याने, म्हणजे फ्रेंच शासनाने, दिलेली किंवा मान्य केलेली पदवी असते. ‘एमबीए’, ‘मास्तेर’, ‘एमएससी’ ही नावे मात्र कोणतीही खासगी संस्था आपल्या अभ्यासक्रमाला देऊ शकते. अशा संस्था बहुधा सांगतात की आमचा अभ्यासक्रम ‘आरएनसीपी लेव्हल ७’ आहे, म्हणजे व्यावसायिक पात्रतांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद आहे. नोंद खरी असते. पण या नोंदीमुळे मास्टरचा शैक्षणिक दर्जा आपोआप मिळत नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना, जो भारत-फ्रान्स करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना नूतनीकरणासह दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, तो राज्यमान्य मास्टर किंवा नियमांत नावानिशी दिलेल्या मोजक्या पदव्यांवरच मिळतो. माजी विद्यार्थ्यांसाठी जुलै २०२३ मध्ये जाहीर झालेला पाच वर्षे चालणारा, दर वेळी थोड्या दिवसांच्या भेटीसाठीचा व्हिसाही मास्टर झालेल्यांसाठीच आहे. आपल्या सेमिनारमध्ये या दोन्ही सवलती सर्वांना लागू असल्यासारख्या सांगितल्या जातात. मागच्या वर्षी ओळखीच्या एका मुलाला हा फरक शेवटच्या सत्रात कळला. घरची जमीन तारण ठेवून काढलेले कर्ज, हातात वर्षभराच्या हजेरीचे उत्तम प्रमाणपत्र, आणि परवान्याच्या यादीत त्याच्या अभ्यासक्रमाचे नाव नाही. त्याच्या सल्लागाराने फोन उचलला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट; पण ‘आम्हाला संस्थेने असंच सांगितलं होतं’ यापलीकडे त्यांच्याकडेही काही नव्हते.

आता कागदांविषयी. फ्रान्समधल्या पहिल्या तीन महिन्यांचा बहुतेक वेळ वर्गात जात नाही, तो कागद जमवण्यात जातो. घर हवे तर बँकेचे खाते हवे, खाते हवे तर पत्ता हवा, पत्ता हवा तर घर हवे, हे चक्र कोणीतरी ओळखीचा माणूस ‘हा माझ्याकडे राहतो’ असे लिहून देतो आणि सोबत स्वतःच्या ओळखपत्राची व वीजबिलाची प्रत जोडतो तेव्हा फुटते. ओळखीचे कोणी नसलेल्यांचे हाल होतात. पण या साऱ्याहून जास्त मुलांना मी ज्या एका कागदापायी रडकुंडीला आलेले पाहिले आहे, तो म्हणजे जन्मदाखला.

फ्रान्सची आरोग्य विमा यंत्रणा कायमचा सामाजिक सुरक्षा क्रमांक देण्यापूर्वी जन्मदाखला मागते. भाड्यासाठी मदत देणारी काफ ही यंत्रणाही मागते. त्यावर विद्यार्थ्याचे नाव आणि आईवडिलांची नावे असावी लागतात, आणि त्याचा अनुवाद न्यायालयाने मान्यता दिलेल्या अनुवादकाकडून केलेला असावा लागतो. आता आपल्याकडचा, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नगरपालिकेने दिलेला दाखला डोळ्यांसमोर आणा. बाळाच्या नावाच्या रकान्यात अनेकदा नुसती आडवी रेघ असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसेच झालेले नव्हते आणि नंतर कोणी नाव चढवून घेतले नाही. आईचे नाव कधी माहेरचे, कधी सासरचे, कधी नुसते ‘सौ.’ लावून वडिलांचेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरे. शाळा सोडल्याचा दाखला इथे जन्माचा पुरावा म्हणून चालत नाही. हे सगळे गावी असताना तलाठी, नगरपालिका, गॅझेट असे हेलपाटे घालून दुरुस्त करता येते. फ्रान्समधून करायचे म्हटले तर म्हातारे आजोबा एसटीने तालुक्याला चकरा मारतात आणि इकडे नातवाचे अर्ज ‘कागद अपूर्ण’ म्हणून परत येत राहतात. आपण विद्यार्थ्याकडून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आयईएल्ट्‌स, बँक स्टेटमेंट, सगळे मागून घेता. त्याच यादीत ‘नाव चढवलेला, पासपोर्टशी जुळणारा, अपोस्टिल केलेला (परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठी सरकारी शिक्का घेतलेला) जन्मदाखला’ ही एक ओळ वाढवायला काहीही खर्च नाही. दोन वर्षांत एवढी एक ओळ वाढली, तरी हे पत्र लिहिल्याचे मला सार्थक वाटेल.

नावाचाही एक घोळ आहे. आपल्या पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव असते आणि फ्रेंच कार्यालये ते तिचेच दुसरे नाव धरतात. त्यामुळे मुलीला ‘श्रीमती सुनीता पांडुरंग’ अशी पत्रे येतात. ते हसण्यावारी नेता येते, मात्र बँकेत, विद्यापीठात आणि विम्यात नाव एकसारखे नोंदले गेले नाही, तर पुढे हसू येत नाही. पहिल्या अर्जात जसे लिहिले तसेच सर्वत्र लिहा, एवढे सांगितले तरी पुरे.

घराबद्दल. सरकारी वसतिगृहांत शिष्यवृत्तीधारकांना प्राधान्य असते, तेव्हा ‘हॉस्टेल मिळेल’ असे छातीठोकपणे सांगू नये. खासगी घरमालक भाड्याच्या तिप्पट उत्पन्न असलेला आणि फ्रान्समध्येच राहणारा जामीनदार मागतात. साताऱ्यातले वडील, त्यांची सातबाऱ्यावर कितीही एकर नोंद असली तरी, या कामी येत नाहीत. याच अडचणीसाठी व्हिसाल नावाची विनामूल्य हमी योजना आहे, तिशीपर्यंतच्या तरुणांना ती मिळते, अर्ज ऑनलाइन होतो. आमच्याकडे आलेल्या काही मुलांनी मात्र हीच गोष्ट ‘गॅरंटर सर्व्हिस’ या नावाखाली पैसे मोजून घेतलेली होती. ती कोणी विकली, याच्या तपशिलात मी शिरत नाही. फर्निचरसह घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि घर पाहण्याआधी परदेशातून पैसे पाठवायला सांगणारी जाहिरात जवळपास नेहमीच फसवणूक असते, हेही पालकांना ठाऊक असावे. कायद्याने राहण्याजोगी ठरणारी सर्वांत लहान खोली ९ चौरस मीटरची, म्हणजे साधारण ९७ चौरस फुटांची असते आणि विद्यार्थी बहुधा तेवढ्याच खोलीत राहतात. पलंग, टेबल, दोन शेगड्यांची पट्टी, खिडकी. कुकर आणावा, भिंती पातळ असतात, त्यामुळे शिट्ट्या रात्री दहाच्या आत संपवाव्यात.

पैशांचा हिशेब आपण मांडता त्याबद्दल अधिक तपशिलात लिहावे लागेल. व्हिसासाठी महिन्याला किमान ६१५ युरो दाखवावे लागतात आणि आपले बरेच सहकारी हाच आकडा ‘महिन्याचा खर्च’ म्हणून सांगतात. हा खर्च नव्हे, तो सरकारने ठेवलेला किमान उंबरठा आहे. माझ्या लहान शहरातल्या खोलीचे भाडे ४२० युरो आहे. त्यावर घराचा सक्तीचा विमा, फोन, ट्रामचा पास आणि किराणा. पॅरिसमध्ये ६१५ युरोत बहुतेकांची खोलीही भागत नाही. काफची भाडे-मदत धरून हिशेब जुळवला जातो, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात, शिष्यवृत्ती नसलेल्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची हीच मदत बंद करण्याची तरतूद घालण्यात आली. तेव्हा निदान नव्या मुलांच्या हिशेबात ती धरू नका.

उरतो ‘पार्ट-टाइम’. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करता येते, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेअठरा तास. २०२५ मध्ये किमान वेतन कपातीपूर्वी ताशी ११.८८ युरो होते. वर्षभर एकही तास वाया न घालवता काम मिळाले, तरी कपातीपूर्वीची रक्कम साडेअकरा हजार युरोंच्या आत राहते आणि हातात त्याहून बरीच कमी येते. खासगी संस्थेचे शुल्क यातून फेडणे शक्य नाही. मुळात ते काम फ्रेंच आल्याशिवाय मिळत नाही. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभे राहायलाही भाषा लागते. परिणामी आपली इंजिनिअर मुले सायकलवर जेवण पोचवतात, आणि तेही कधी कधी दुसऱ्याच्या नावावरच्या खात्यावरून, जे बेकायदेशीर असून फ्रान्समध्ये राहण्याच्या परवान्यावर उलटू शकते. पगारी अ‍ॅप्रेंटिसशिपच्या, म्हणजे अल्टर्नान्सच्या, नावाने ‘फी कंपनी भरते’ असे सांगताना ती कंपनी विद्यार्थ्याने स्वतः, फ्रेंचमधून मुलाखत देऊन शोधायची असते, हेही त्याच दमात सांगावे.

म्हणूनच भाषेविषयी माझे मत थोडे कडक आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो हे खरे, पण जगणे फ्रेंचमध्ये असते. भाडेकरार, डॉक्टर, वीज कंपनीची हेल्पलाइन, विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाई, सहाध्यायांचे दुपारच्या जेवणातले विनोद, यांतले काहीच इंग्रजीत होत नाही. वर्गातल्या गटात काम करताना पहिली दहा मिनिटे तुमच्यासाठी इंग्रजी चालते, मग चर्चा रंगली की सगळे आपल्या भाषेवर येतात आणि तुम्ही शेजारच्याच्या वहीकडे पाहत बसता. यात दुष्टावा नसतो. पुण्या-मुंबईत आलियान्स फ्रान्सेजचे वर्ग आहेत, ग्रामीण भागातल्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग आहेत. निघण्यापूर्वी फ्रेंचची बी-१ पातळी, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावण्याइतकी भाषा, गाठा, हा सल्ला देण्याने कदाचित आपला एखादा विद्यार्थी वर्षभर लांबणीवर पडेल. पडू द्यावा. मॅक्रॉन यांनी त्याच दौऱ्यात ज्यांचा उल्लेख केला ते आंतरराष्ट्रीय वर्ग, ज्यांत वर्षभर आधी फ्रेंच शिकून मग पदवीच्या अभ्यासक्रमात जाता येते, त्यांची माहितीही मी आपल्या एकाही पत्रकात पाहिलेली नाही.

आरोग्याची बाजू त्या मानाने बरी आहे. विद्यार्थ्यांची सरकारी आरोग्य विम्यात नोंदणी विनामूल्य होते, तेव्हा वर्षभराचा महागडा खासगी विमा पॅकेजमध्ये घालण्यापूर्वी विचार करावा. सुरुवातीच्या काही आठवड्यांचा पुरतो. साध्या (फॅमिली) डॉक्टरची फी डिसेंबर २०२४ पासून ३० युरो आहे. आपला एक ठरलेला डॉक्टर विम्याकडे नोंदवून ठेवला असेल, तर त्यातले १९ युरो परत मिळतात. नोंदवला नसेल, तर परतावा घटतो. मनाचे आजार, एकटेपणा, झोप न लागणे यांसाठी विद्यार्थ्यांना मानसशास्त्रज्ञाच्या वर्षाला १२ विनामूल्य भेटी मिळतात. ही ओळ कृपया पालकांसमोर मोठ्याने वाचावी. नोव्हेंबरपासून दुपारी पाचला अंधार पडतो, घड्याळ बदलल्यामुळे भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचारवर जातो, आणि मूल कॉलेजातून घरी येते तेव्हा आई झोपायच्या तयारीत असते. दिवाळीच्या दिवशी प्रयोगशाळेची परीक्षा असते. दर वर्षी याच काळात एखादा तरी विद्यार्थी वर्गात दिसेनासा होतो आणि त्याच्या खोलीचे दार ठोठवायला आम्हाला जावे लागते.

गुणांचेही सांगून ठेवावे. इथे गुण २० पैकी असतात, १० ला उत्तीर्ण, १४ म्हणजे चांगले आणि १६ म्हणजे फारच उत्तम. विशेष प्राविण्याची सवय असलेल्या मुलाला पहिल्या सत्रात ११ मिळाले की तो घरी सांगत नाही. नापास होणे मात्र केवळ शैक्षणिक बाब राहत नाही, कारण परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अभ्यासातली प्रगती पाहिली जाते.

आणि हे नूतनीकरण. लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवावा लागतो, हे निदान आपण सांगता. परंतु पुढच्या वर्षीच्या परवान्यासाठी मुदत संपण्याच्या चार ते दोन महिने आधी अर्ज करावा लागतो, हे बहुतेकांना आमच्याकडूनच कळते. अर्ज ज्या सरकारी पोर्टलवर होतात, त्यातल्या अडचणींनी परदेशी नागरिकांच्या हक्कांवर मोठ्या प्रमाणावर गदा येते, असे फ्रान्सच्याच हक्करक्षक या घटनात्मक पदाने डिसेंबर २०२४ च्या अहवालात नोंदवले आहे. पोर्टलवर अर्ज होऊ शकत नसेल तर दुसरा मार्ग उपलब्ध करून देणे सरकारवर बंधनकारक आहे, असे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२२ मध्येच सांगितले होते. प्रत्यक्षात विद्यार्थी महिनोन् महिने ‘विचाराधीन’ हा शब्द पाहत बसतो. तेवढ्यात जुन्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपते, इंटर्नशिप देणारी कंपनी ‘कागद आले की या’ म्हणते, आणि घरी बहिणीचे लग्न असूनही विमानात बसता येत नाही, कारण परत येताना अडवतील. माझ्या बाबतीतही कार्यालयाने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की दोन महिन्यांहून मोठ्या इंटर्नशिपला कायद्याने मिळणारे किमान मानधन, २०२५ मध्ये ताशी ४.३५ युरो, मला एका महिन्यापुरते गमवावे लागले. यात आपला दोष नाही. मात्र डिसेंबरात लग्नाची तिकिटे काढण्यापूर्वी कार्डाची तारीख पाहा, एवढे आपण सांगू शकता.

आपल्याकडून मला अपेक्षित असलेल्या गोष्टी वरच्या मजकुरात विखुरलेल्या आहेतच. त्यांतल्या दोन मात्र स्पष्टपणे मागते. सुचवलेल्या प्रत्येक संस्थेपुढे तिची पदवी राज्यमान्य मास्टर आहे की नाही, आणि तिच्याकडून आपल्याला कमिशन मिळते की नाही, हे दोन रकाने छापून त्यावर आपली सही करून विद्यार्थ्याला द्यावे. पहिल्या रकान्यातील माहिती चुकीची निघाल्यास घेतलेले शुल्क परत करण्याचे कलम पावतीवर असावे. जे सल्लागार हे आजही करतात, आणि असे काही आहेत हे मला त्यांच्याकडून आलेल्या मुलांमुळे माहीत आहे, त्यांना या कागदाची अडचण वाटणार नाही.

सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतात. जन्मदाखला दुरुस्त करून आणायला तेव्हापासूनचा वेळ पुरतो.

कळावे,

आपली विश्वासू,
फ्रान्समध्ये शिकणारी एक मराठी विद्यार्थिनी